कै., स्व., दिवंगत की नुसतं ‘सर’?

आमच्या मराठीच्या सरांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. माजी विद्यार्थी मिळून छोटी स्मरणिका काढतोय. मुखपृष्ठावर नावाआधी ‘कै.’ लावायचं की ‘स्व.’, यावरून ग्रुपवर जुंपली आहे. एकाने ‘दिवंगत’ सुचवलं, त्यात देवधर्म येत नाही म्हणून. सर स्वतः पक्के नास्तिक. शिवाय कार्यक्रमाला पुण्यतिथी म्हणावं की स्मृतिदिन? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
‘कै.’ म्हणजे कैलासवासी, शंकराच्या घरी गेलेले. ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी, विष्णूच्या. वारकऱ्यांत हे काटेकोर पाळतात. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ साली काढणारे विष्णुबुवा जोग ‘वै.’च, आणि त्यांचे शिष्य सोनोपंत ऊर्फ मामा दांडेकरही. मामा दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. पण वारकरी त्यांना ‘कै.’ म्हणणार नाहीत. ‘स्व.’ हिंदीतून आलंय. आपल्याकडे स्वर्गीय म्हणजे गळा, सूर, फार तर आमरस.

आता ‘दिवंगत’. दिव म्हणजेच स्वर्ग. दिवंगत म्हणजे स्वर्गाला गेलेला. नास्तिक माणसाला मागच्या दाराने तिथेच पाठवताय!

प्रतिसाद २
व्युत्पत्ती बरोबर, पण आज ‘दिवंगत’ वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे स्वर्ग येतो? शब्द रुळला की मूळ अर्थ झिजतो. ख्रिस्ती माणसाला ‘ख्रिस्तवासी’, मुसलमानाला ‘पैगंबरवासी’ किंवा ‘मरहूम’ लिहितात, बौद्ध समाजात ‘कालकथित’ आहे. सगळ्यांना चालेल असा एक शब्द लागतोच, आणि वर्तमानपत्रांनी तो ‘दिवंगत’ ठरवून टाकलाय. अगदीच खटकत असेल तर ‘स्मृतिशेष’ आहे. अर्थ नेमका, पण मला तो जरा सभेतला वाटतो. वर्गातल्या माणसाला शोभत नाही.

प्रतिसाद ३
पुण्यतिथी तिथीने करायची असते. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेलाच येते, इंग्रजी तारीख कुठलीही असो. तुम्ही तारखेने करणार, तर स्मृतिदिन. आणि कृपा करून ‘स्मृतीदिन’ छापू नका. एकटी ‘स्मृती’ दीर्घ, पण समासात पहिलं पद आलं की ऱ्हस्व. मराठीच्या सरांच्या स्मरणिकेत मुखपृष्ठावरच ही चूक म्हणजे कहर होईल. आतही ‘श्रद्धांजली वाहतो’ लिहा, ‘देतो’ नको. अंजली म्हणजे ओंजळ. ती वाहायची असते. देतात ती तिलांजली. तीही मुळात मृतांनाच, तिळाच्या पाण्याची. आता मात्र अर्थ सोडून देणं. एका शोकसभेत वक्त्यांनी भावनेच्या भरात ‘गुरुजींना आपण सर्व तिलांजली देऊ या’ म्हटलेलं या कानांनी ऐकलंय. पुढच्या रांगेतल्या मुख्याध्यापिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडायला की हसायला, देव जाणे.

प्रतिसाद ४
उपपद हवंच कशाला? साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात जेमतेम सहा वर्षं शिक्षक होते, १९२४ ते १९३०. पण ‘गुरुजी’ नावाला असं चिकटलं की ११ जून १९५० नंतरही ‘कै. पांडुरंग सदाशिव साने’ कुणी सहसा म्हणत नाही. ‘सर’, ‘गुरुजी’, ‘बाई’, ‘मास्तर’ ही उपपदं मेल्यावर बदलायची गरज नसते. ‘कै.’ लावलं की माणूस एकदम देणगीदारांच्या फलकावर जाऊन बसतो.

प्रतिसाद ५
वरील मताशी सहमत, पण एक व्यवहाराची अडचण. उपपद नसेल तर बाहेरच्याला वाटेल सत्कार आहे. म्हणून मुखपृष्ठावर ‘प्रथम स्मृतिदिन’ ठळक हवं, म्हणजे काम झालं. ‘दुःखद निधन’ मात्र कुठेही नको. सुखद असतं का?

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. ‘दुःखद निधन’ सरही खोडायचे, लाल शाईने, आणि समासात नुसतं प्रश्नचिन्ह. ‘दिवंगत’वाले मित्र अजून हटलेले नाहीत; त्यांना प्रतिसाद १ दाखवला, तर त्यांनी उलट प्रतिसाद २च माझ्या तोंडावर मारला. मुखपृष्ठ असं ठरलंय: वर आडनाव आणि ‘सर’, खाली ‘प्रथम स्मृतिदिन’. आत ‘श्रद्धांजली’ऐवजी ‘आदरांजली’ घ्यावी का, यावर आता नवीन वाद सुरू झालाय. मजकूर सोमवारी छापखान्यात द्यायचाय, तेव्हा कुणाला काही सुचलं तर त्याआधी सांगा.