दोदोल अजून घरीच होतो

इथे एकांनी लिहिलंय की आता नाताळचं सगळं गोडधोड बेकरीतून येतं, त्यामुळे नाताळ पूर्वीसारखा राहिला नाही. बेकरीचं खरं आहे, पण आमच्या वाड्यावर थोडं वेगळं घडलं. आम्ही गोव्यातल्या बार्देशातले हिंदू, शेजारची मावशी ख्रिस्ती. चवथीला (गणेश चतुर्थीला) आमच्या नेवऱ्या (करंज्या) तिच्याकडे आणि नाताळला तिचं कोन्सुआद आमच्याकडे: क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट, त्यात नेवऱ्या, कुलकुलं (तळलेले गोड शिंपले), दोस (चण्याच्या डाळीच्या वड्या) आणि दोदोल. (दोदोल म्हणजे तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि म्हापशाच्या बाजारातला माडाचा काळा गूळ. तेल सुटून कडा सोडेपर्यंत ढवळतच राहायचं.)

मुलं परदेशी गेली, मावशीचे खांदे दुखू लागले, तेव्हा बिबिंक (अंडी आणि नारळाच्या रसाचा थरांचा केक) विकतचं यायला लागलं. सात थर, एकेक थर वरून निखारे ठेवून भाजायचा. एकटीला कसं जमणार? पण दोदोल तिने सोडला नाही. गेली चार वर्षं कायलीपाशी (मोठ्या कढईपाशी) मी उभी असते आणि ती खुर्चीवरून "आनीक मात्शें" (आणखी थोडं) म्हणत राहते. कुलकुलं माझी मुलगी काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर वळते. ताट मात्र मावशीच भरते, आणि रिकामं परत द्यायचं नाही म्हणून आम्ही त्यात साखर घालून पाठवतो.