पावसाळ्यात मांजरांचं लिटर: लाकडी पेलेट चालतील का? (सांगली)

विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. दोन बोके, नसबंदी झालेले, घराबाहेर न जाणारे. शी-शूसाठी दोन ट्रे आहेत. तिसऱ्याला जागाच नाही, तेव्हा "मांजरं अधिक एक" हा नियम कृपया सांगू नका.

सध्या लिटर म्हणून (म्हणजे ट्रेमध्ये पसरायला) बिनवासाचं बेंटोनाइट, म्हणजे ओलं झालं की गोळे धरणारी माती, वापरतो. उन्हाळ्यात झकास, गोळे घट्ट होतात, उचलून टाकले की झालं. पण पाऊस लागला की दमट हवेत सगळंच ओलसर होतं, गोळे फुटून तळाला चिकटतात आणि दुपारपर्यंत अमोनियाचा वास घरभर. घाण सकाळ-संध्याकाळ काढतो, ट्रे दर आठवड्याला रिकामा करून गरम पाणी नि साध्या साबणाने धुतो. फिनाईल मांजरांना विषारी, म्हणून बंद. ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू होतो.

वखारीतला भुसा फुकट मिळाला, पण तो पार गादीपर्यंत पोचला, शिवाय धुळीने धाकटा शिंकायला लागला. सुगंधी लिटरमध्ये थोरला पायच ठेवत नाही. शेजारच्या काकू नदीची वाळू सुचवतात. ती वास शोषत नाही, आणि तीन जिने चढवणार कोण?

आता लाकडी पेलेट (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या) नि चाळणीचा ट्रे घ्यायचा विचार आहे. बजेट महिना आठशे. सांगली-मिरजेत सुटे पेलेट कुठे मिळतात? बॉयलरसाठी विकतात ते मांजरांना चालतात का, की त्यात काही मिसळलेलं असतं? आणि बेंटोनाइटची सवय झालेल्या बोक्यांना पेलेटवर कसं वळवलंत?