मदत हवी आहे: अंबाजोगाईहून बीड सिव्हिलला डीआरपी (जिल्हा रुग्णालयातली सक्तीची रेसिडेन्सी), कोणत्या सेमिस्टरला घ्यावी?

प्रश्न
स्वाराती मेडिकल कॉलेज, अंबाजोगाई. एमडी मेडिसिन, तिसरं सेमिस्टर नुकतंच लागलं. डीआरपीचे तीन महिने आत्ता करावेत की पाचव्यापर्यंत थांबावं? बीडचे पेशंट थीसिसमध्ये धरता येतील का? विद्यावेतन कुठून निघेल?

प्रतिसाद १
तिसरं किंवा चौथं घ्या. नियमात पाचवंही चालतं, पण थीसिस अंतिम परीक्षेच्या किमान ६ महिने आधी जमा करावा लागतो, म्हणजे नेमका पाचव्या सेमिस्टरच्या शेवटी. गाइड अंबाजोगाईत, तुम्ही बीडला आणि दुरुस्त्या फोनवर, यात फार हाल होतात.

बीडचे पेशंट परस्पर धरू नका. एथिक्स कमिटीने ज्या ठिकाणासाठी मंजुरी दिली तिथलेच चालतात. हवेच असतील तर आधी कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज करा, सोबत सिव्हिल सर्जनची लेखी परवानगी जोडा.

विद्यावेतन आपलं कॉलेजच देतं. अडतं ते हजेरीपाशी. सिव्हिल आरोग्य विभागाचं, कॉलेज वैद्यकीय शिक्षणचं. दोघांमधला कागद आपोआप फिरत नाही. रुजू अहवालाची शिक्का मारलेली प्रत त्याच दिवशी कॉलेजला पोचवा. हजेरीपत्रक दर महिन्याला बिल बनायच्या आधी स्वतः नेऊन द्या.

प्रश्नकर्ता
खूप आभार. लॉगबुकचं (केलेल्या कामाच्या नोंदवहीचं) कसं असतं?

प्रतिसाद २
सह्या आठवड्याच्या आठवड्याला घ्या. शेवटी एकदम घेऊ म्हणाल आणि मधेच त्या डॉक्टरांची बदली झाली, तर सहीसाठी गावोगाव फिरावं लागेल. डीआरपी समाधानकारक पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. ते जिल्ह्याचे डीआरपी समन्वयक देतात. ते कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

जमलं तर पावसाळ्यातले महिने मागा. मेडिसिनवाल्याने जिल्ह्यात शिकावं ते सर्पदंश आणि फवारणीची विषबाधा. सर्पदंशात रक्त गोठण्याची चाचणी मात्र स्वतः लावा: २ मिली रक्त, नवी कोरडी काचेची नळी, २० मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच तिरपी करून बघा. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि गरज नसताना एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) चढतं. वॉर्डात काचेच्या नळ्या असतीलच असं धरू नका, एक पुडा जवळ ठेवा.