मायीचा आमवात पोरीलेही होईन का?

दारव्ह्याहून विचारतो. मायीले आमवात हाय, सकाळी बोटं इतके आखडतात का कणीक भिजवनं होत नाही, आता बायकोले पोरीची धास्ती, खरंच होते का?

→ होईनच असं नाही भाऊ. एचएलए-डीआरबी१ जीनचे काही प्रकार धोका वाढवतात, पण सेम जीनच्या जुळ्यांतही एकाले असला तर दुसऱ्याले होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपासच.

→ बाकी आजूबाजूच्या गोष्टी, योगायोग अन् एपिजेनेटिक्स. जीन तोच, पण डीएनएवर मिथाइल नावाचा रासायनिक गट चिकटला का त्याचं काम कमीजास्त होते, बिडीच्या धुरानं हे बदलते अन् असा जीन असला तर धूर लयच वाईट. घरात कोनी ओढते का?

→ बाबा ओढते, ओसरीत.

→ मंग ते आधी सोडवा. पोरीचे सांधे सुजले तरच अँटी-सीसीपी (आमवातासाठीची रक्ताची तपासणी) करा, उगाच नको.