स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत येते: कार्ड, केबल की मॉनिटर?

चौकट२७:
२७ इंची मॉनिटर, २५६० बाय १४४०, १४४ हर्ट्झ. ग्राफिक्स कार्डाला एचडीएमआय २.० ने जोडलाय, केबल ३ मीटरची. दिवसातून आठ-दहा वेळा स्क्रीन काळी होते आणि आपोआप परत येते. ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, फरक नाही. कार्ड बदलावं का?

पिक्सेलवेडा:
कार्डाचं नंतर बघू. स्क्रीन काळी असताना आवाज चालू राहतो का, ते आधी तपासा. हेडफोन कॉम्प्युटरच्याच जॅकला लावा, मॉनिटरच्या नको; मॉनिटरचा आवाज त्याच केबलमधून येतो, त्यामुळे चित्राबरोबर तोही तुटतो. आवाज अखंड राहिला तर कॉम्प्युटर नीट चालतोय, फक्त जोडणी तुटतेय. आवाज अडकला, माऊस थिजला तर ड्रायव्हर कोसळतोय, आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजमधली घडामोडींची नोंदवही) सिस्टिम विभागात ४१०१ क्रमांकाची नोंद मिळेल. अख्खं मशीनच रीस्टार्ट होत असेल तर पॉवर सप्लायकडे वळा. काळ्या क्षणी मॉनिटरचा पॉवरचा दिवाही विझत असेल तर त्याचा अडॅप्टर किंवा पॉवर केबल बघा.

माझा संशय केबलवर आहे. १४४० ला १४४ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला साधारण १४ गिगाबिट माहिती, आणि एचडीएमआय २.० मधून चित्रासाठी जास्तीत जास्त १४.४ मिळतात. म्हणजे काठोकाठ. त्यात ३ मीटरची साधी केबल असली की चुका वाढतात, मॉनिटरची सिग्नलवरची पकड सुटते आणि पुन्हा जुळवून घ्यायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात. रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, तो हर्ट्झचा आकडा) ६० वर आणून दिवसभर वापरा. तिथे जेमतेम ६ गिगाबिट लागतात, कमकुवत केबलही तेवढं पेलते.

सोल्डरगन:
वरच्याशी सहमत. आणखी एक गोष्ट, जी फार कुणी तपासत नाही: खुर्चीवरून उठता-बसताना स्क्रीन जाते का? गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीत स्थिर वीज साठते, ती सुटताना झटका बसतो आणि शिल्डिंग (बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारं आवरण) कच्चं असलेली केबल तो सिग्नलमध्ये ओढून घेते. अशा वेळी कार्ड बदलून काहीच साधत नाही.

चौकट२७:
आवाज चालू राहतो, ४१०१ ची नोंद नाही. ६० हर्ट्झवर दोन दिवसांत एकदाही गेली नाही. खुर्चीचा संबंध दिसत नाही.

पिक्सेलवेडा:
मग दोष बहुधा कार्डाचा किंवा मॉनिटरचा नाही, केबलचा आहे. कार्ड आणि मॉनिटर दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच चित्राचा दुसरा पोर्ट) असेल तर २ मीटरपर्यंतची चांगली केबल घ्या, डिस्प्लेपोर्ट १.२ ला १७.२८ गिगाबिट मिळतात, म्हणजे ऐसपैस जागा. अगदी स्वस्तातली टाळा. काहींमध्ये २० नंबरची पिन आरपार जोडलेली असते. मॉनिटरमधली वीज तिथून कार्डात उलटी शिरते आणि कॉम्प्युटर सुरू होतानाच अडखळतो. काढताना वरची खटकी दाबूनच ओढा, नाहीतर कार्डावरचा पोर्ट सैल होतो. केबल येईपर्यंत १२० हर्ट्झ लावून बघा, बहुतेक टिकेल. नवी केबल जोडल्यावर विंडोज कधीकधी रेट ६० वरच ठेवतं, तो अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन हाताने १४४ करा.