हाताने काढलेल्या देवनागरी फाँटमध्ये झिजलेल्या शाईचा पोत कसा टिकवावा?

प्रश्न

एका बालनाट्याच्या भित्तिपत्रकासाठी मी खडबडीत कागदावर बोरूने गुबगुबीत, खाली-वर डुलणारी अक्षरे काढली आणि ती स्कॅन करून, कडांचा ओबडधोबडपणा व आतले पांढरे ठिपके तसेच ठेवून, शीर्षकांसाठी फाँट तयार केला. सुटे अक्षर जिवंत वाटते, परंतु शब्द टाईप केला की शिरोरेषा जागोजागी तुटते. शिवाय ‘नाटकाचा राजा’ या दोन शब्दांत एकच काना त्याच ठिपक्यांसह पाच वेळा येत असल्यामुळे हाताचा भास उरत नाही. यावर काय करावे?

प्रतिसाद १

रोमन अक्षरे तळरेषेवर उभी असतात, म्हणून ती खाली-वर हलवून खेळकरपणा आणता येतो. आपली अक्षरे शिरोरेषेला लटकतात, तेव्हा सगळा खेळ तिच्या खाली, म्हणजे दंडाच्या (अक्षरातील उभ्या रेषेच्या) कमीजास्त लांबीत आणि गाठींच्या आकारात, करावा लागतो. शिरोरेषा मध्ये हवी तशी थरथरू द्या, पण दोन्ही टोकांना तिची उंची व जाडी सर्व अक्षरांत सारखी ठेवा, ती शेजारच्या अक्षरावर किंचित चढू द्या आणि टोकांपाशी ठिपके ठेवू नका. ‘एक टाईप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा फाँट पाहा. त्यात पोत मुळीच नाही, तरीही केवळ अक्षरांच्या भरीवपणामुळे तो खेळकर वाटतो.

कान्याची मात्र चार-पाच रूपे स्वतंत्रपणे काढावीच लागतील. ओपनटाईप या फाँटच्या स्वरूपातील संदर्भानुसार पर्याय निवडण्याच्या सोयीने, आधी कोणता काना येऊन गेला हे पाहून पुढचा बदलता येतो. क, र, त, न यांचेही निदान दुसरे रूप असावे.

प्रतिसाद २

झीज कशाची आहे, हे आधी ठरवावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. छपाईच्या जुन्या लाकडी खिळ्यांचे (अक्षरांच्या ठशांचे) कोपरे बोथट होतात आणि रुंद भागात शाई विरळ उमटते. बोरूचा फटकारा सुरुवातीला ओला आणि शेवटी कोरडा असतो. सर्व अक्षरांवर एकच तयार पोत पसरला, तर दोन्हींपैकी काहीच खरे वाटत नाही. अगदी बारीक ठिपके काढून टाका, कारण प्रत्येक ठिपका ही वेगळी बाह्यरेषा असल्याने फाईल जड होते, आणि लहान आकारात ते बुजून अक्षर नुसते मळकट दिसते. मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला ‘यात्रा वन’ हा फाँट स्वच्छ कडांचा आहे, तरी त्यातला हात लपत नाही.

प्रतिसाद ३

मराठी शीर्षकासाठी ‘वाऱ्यावर’ आणि ‘दुसऱ्या’ हे शब्द अवश्य तपासा. ऱ्यामधला अर्धा र इतका नाजूक असतो की एक ठिपकाही त्याचे दोन तुकडे करतो. ल आणि श यांची मराठी वळणेही ठेवा; अनेक फाँटमध्ये आपोआप हिंदी वळणेच येतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मी एकच काना सगळीकडे वापरला होता, हीच चूक होती. आता पाच काने वेगवेगळ्या ओलाव्याच्या शाईने काढले आहेत, आणि ऱ्या ठिपक्यांविना ठेवला आहे.