ग्रंथपालांनी स्वतःची आवड सांगावी का?

अक्षरओळख
आमच्या तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशेजारी एक छोटी मांडणी ठेवली आहे. ग्रंथपाल, सहायक आणि शिपाईकाका यांना आवडलेली पुस्तकं तिथे असतात. आत एक चिठ्ठी आणि खाली सांगणाऱ्याचं नाव. काकांनी उद्धव शेळक्यांची 'धग' ठेवली आहे. चिठ्ठीत एवढंच लिहिलंय : 'वऱ्हाडी अडली तर मोठ्याने वाचा, कळते.' इतका कामाचा सल्ला मला एकाही परीक्षणात मिळाला नव्हता.
आता कार्यकारिणीतल्या दोघांचं म्हणणं, हे बंद करा. कर्मचाऱ्याने पुस्तक द्यावं-घ्यावं, मत देऊ नये. मला वाटतं, मत द्यावंच, पण नावानिशी. 'वाचनालयाची शिफारस' अशी पाटी लावली की जबाबदारी कुणाचीच राहत नाही. तुमचं काय मत?

सडेतोड
माझा विरोध. वाचनालय सभासदांच्या वर्गणीवर आणि सरकारी अनुदानावर चालतं. आज कादंबरी आहे, उद्या कुणा बुवांची प्रवचनं येतील, निवडणुकीच्या तोंडावर पुढाऱ्याचं आत्मचरित्र येईल. गावातल्या कवींचं तर बोलायलाच नको. संग्रह छापून झाला की गठ्ठा घेऊन हजर, 'दर्शनी भागात ठेवा' म्हणत. अशा वेळी नोकरीतल्या माणसाने नाही म्हणायचं कसं?

अक्षरओळख
@सडेतोड, तो गठ्ठा आजही दर्शनी भागातच असतो हो! चिठ्ठीखाली स्वतःचं नाव घालायचं म्हटलं की उलट माणूस कचरतो. न आवडलेल्या संग्रहाखाली कोण सही करेल?

सडेतोड
ज्याचा पगार कार्यकारिणीच्या हातात आहे, तो करेल.

खालचं कपाट
मी ग्रंथालयातच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दुसऱ्याबद्दल सगळे बोलतात, तिसऱ्याचं ओझं आमच्यावर असतं. 'मृत्युंजय'ची शिफारस करावी लागत नाही, ते आपलं आपण फिरतं. पण कपाटातली कितीतरी पुस्तकं वर्षानुवर्षं जागची हलत नाहीत, आणि ती वाईट असतात असं मुळीच नाही.
विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' घ्या. 1939 ची कादंबरी. दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा. एवढं सांगितलं तरी माणूस हात पुढे करतो. न सांगता ठेवलं, तर बारीक पुस्तक म्हणून परत ठेवून देतो. दोन दिवसांत संपेल, मग वर्गणी वसूल कशी व्हायची!
आणि रोज कुणीतरी येऊन म्हणतंच, 'मॅडम, काहीतरी चांगलं द्या.' त्यांना काय पुस्तकांची यादी दाखवू? ते माझं मतच मागत असतात. मी आधी विचारते, शेवटचं आवडलेलं कोणतं. मग सुचवते.

तळटीप
ताई, विचारलं तर सांगा, त्याला हरकत कुणाची आहे? न विचारता सांगतात त्याचा जाच होतो. घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक घेतलं, तर टेबलावरून मोठ्या आवाजात, 'याच विषयावरचं अजून एक आलंय बरं का!' मागे रांगेत शेजारीण उभी. त्या वाचनालयात मी पुन्हा फक्त दिवाळी अंकच नेले. मी काय नेते, हे त्यांच्या नोंदीत असतं. त्यावरून चारचौघांत शिफारस करू नये, एवढा नियम आधी करा. मांडणीचं नंतर बघू.

खालचं कपाट
@तळटीप, शंभर टक्के मान्य. नोंद पुस्तक परत यावं म्हणून असते, वाचक ओळखण्यासाठी नसते. मांडणीचा फायदाच हा की ती सगळ्यांशी बोलते, एकाला गाठत नाही.

सातासमुद्रापार
इथे अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत 'स्टाफ पिक्स'चं कपाट सर्रास दिसतं. पण त्यांच्या ग्रंथपालांना शिकवतात ते वेगळं : वाचकाची आवड ओळखून पुस्तक सुचवायचं, स्वतःचं लाडकं गळ्यात मारायचं नाही. म्हणजे दोन्ही कामं होतात, पण सरमिसळ करत नाहीत. आपल्याकडे एकच माणूस देवघेव, हिशेब, वर्तमानपत्रांची फाईल आणि झाडलोट बघतो. त्याने वाचायचं कधी, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कोकणकडा
मूळ अडचण कुणी बोलतच नाही. प्रत एकच असते! चिठ्ठी वाचून पाच जण मागणार, पहिला महिनाभर आणून देणार नाही, उरलेले चौघे टेबलावर भांडणार. आधी दुसरी प्रत घ्या, मग कौतुक करा.

सडेतोड
@कोकणकडा, याला म्हणतात मुद्दा. बरं, मांडणी ठेवायचीच असेल तर माझ्या दोन अटी. महिन्याने पुस्तकं बदला. आणि पुस्तक ज्याला आवडलं नाही, त्यालाही चिठ्ठी लावू द्या. नुसत्या स्तुतीवर माझा विश्वास नाही.

अक्षरओळख
दोन्ही अटी कबूल. माझी तिसरी : लेखकाने स्वतःच्या पुस्तकाला चिठ्ठी लावायची नाही, आणि त्याच्या मेव्हण्यानेही नाही.

खालचं कपाट
आणि काय ते चिठ्ठीवर लिहा. पानांच्या समासात पेनने लिहिणारे आमच्याकडे आधीच पुष्कळ आहेत.